काही नाही लिहिलेले दिवस

कोलशेत, १२ ऑक्टोबर २०२५

जवळा पसरून झाला होता, पाणी भरून झालं होतं, आणि मी ओट्यावर बसून बोंबलांची पोटं साफ करत होते, तेवढ्यात तू मागच्या अंगणातून ओरडलीस, "आई, किती झाले?"

मी मोजायचं विसरले होते. म्हटलं, "आठ."

"मघाशी पण आठच होते!"

तुझे पप्पा जाळं शिवत बसले होते. वर न बघता म्हणाले, "गिऱ्हाइकाला मासळी देताना तुझी आई एक बोंबील जास्त जाऊ देत नाही. तुझ्या बैठका मात्र फुकटात वाढवते."

तुझ्या खांद्यावर तो पाइप होता. दोन्ही टोकांना रंगाचे डबे, डब्यांत सिमेंट. एका डब्यात सिमेंट थोडं जास्त पडलं होतं. तू कुरकुरायचीस, "पप्पा, डावीकडे ओढतंय." ते म्हणायचे, "मग दर खेपेला बाजू बदल. होडी तरी कुठं दोन्हीकडून सारखी असते?"

प्राप्ती, ही सकाळ कुठल्या महिन्यातली ते मला सांगता येणार नाही. तू दहावीत होतीस एवढं नक्की, कारण दोरीवर तुझा निळा युनिफॉर्म होता आणि त्याला बोंबलाचा वास लागेल म्हणून तू तो दोनदा हलवलास.

पत्र बघून तुला हसू येईल. शहाड काही परदेशात नाही. पण फोनवर आपण दोघी तीन वाक्यांपुढे जात नाही, चौथ्याला कोणीतरी फोन ठेवतं. लिहिताना तू मधे बोलू शकत नाहीस, एवढा माझा फायदा. अक्षर वाईट आहे. तिसरीनंतर मी जे शिकले ते सुकी मासळी बांधायच्या रद्दीवरून आणि तुझ्या पुस्तकांवरून, हे तुला माहीत आहे. वेलांटी चुकली तर सोडून दे.

नऊ महिने झाले तुला भाविका मावशीकडे जाऊन. पप्पांच्या वर्षश्राद्धाला आलीस, फोटोला हार घातलास, पान घेऊन गच्चीवर जेवलीस आणि मागच्या मागे गेलीस. मी काही बोलले नाही. जानेवारीत मी तुझ्यावर हात उचलला, तेव्हा बोलायचा हक्क माझा नव्हताच.

पण मावशी मला सगळं सांगते, तिच्यावर रागावू नकोस. कल्याणच्या मैदानावर समृद्धी मॅडमकडे तू पुन्हा पळायला लागलीस, हे ऐकून मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले. नंतर ती म्हणाली की तू वजनाला हातसुद्धा लावत नाहीस. बाकीच्या मुली व्यायामशाळेत जातात आणि तू बाहेर पायरीवर बसून राहतेस. मॅडमनी तीनदा सांगितलं, तू तीनदा नाही म्हणालीस.

अगं, मांडीच्या मागचा स्नायू फाटला तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते, ते तुझ्याइतकंच मीही ऐकलंय. भरून येईल, पण ताकद घातल्याशिवाय जोरात पळालीस तर त्याच जागी पुन्हा फाटेल, आणि दुसऱ्यांदा फाटलं की मग धावणं विसरायचं. एकवीस डिसेंबरला जिल्ह्याची निवड आहे. तू वेग वाढवत चालली आहेस आणि खाली ताकद नाही. नांगर न टाकता होडी सोडून घरी येतं का कोणी?

राग माझ्यावर आहे ना, माझ्यावरच काढ. पायावर काढू नकोस.

मावशीचा उपमा खाऊन कंटाळली असशील. तिला सांग, राई नंतर घालतात, आधी तेल तापवतात. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आई


कोलशेत, २४ ऑक्टोबर

काल भाविका फराळ घेऊन आली होती. डबा ठेवला, पाणी प्यायली आणि मग निरोप सांगितला. निरोप तुझ्या शब्दांत होता, ते तिचा चेहरा बघूनच कळलं. "आईला सांग, पप्पांचा प्लॅन मी एकदा केला. पुरे झाला."

बरं. निदान पत्र वाचलंस. भाविका म्हणते, न्हाणीघरात नेऊन वाचलंस आणि बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते, म्हणून काकांनी साबण बदलून आणला. साधा माणूस आहे बिचारा.

ती गेली आणि मी टोपली भरत होते, तर शेजारची दगडाबाई येऊन उंबऱ्यापाशी टेकली. तिचं वय झालं पण कान तसेच आहेत.

"काय गो, पोर दिवालीला पन नाय आली?"

"अभ्यास आहे तिचा."

"अभ्यास! महिपतनी तिला मरदावानी डबं उचलाया लावलं, तवा पाय गेला तिचा. पोरीचे जातीला वजन कशाला पायजे?"

मी म्हटलं, "आजी, चाळीस वर्षं तुमच्या डोक्यावर टोपलीत काय होतं? कापूस?"

ती खो खो हसली. "बोलन्यात तू कदी ऐकनार नाय," असं म्हणाली आणि उठून गेली. वजनाबद्दल मी तिला गप्प केलं. तुझ्या पप्पांबद्दल ती जे बोलली ते मात्र तसंच राहिलं, मी ते खोडून काढलं नाही.

ते राहू दे. तुला एक गंमत सांगते. आपल्या वाचनालयातली बाई आता मला बघितलं की विचारते, "आज स्नायू की जेवण?" मार्चपासून मी तिथं व्यायामावरची मिळतील ती पुस्तकं वाचतेय. मराठीत तीनच आहेत आणि त्यातलं एक योगासनांचं निघालं. बाकीचं पुरवण्यांत येतं, ते कापून ठेवते. अर्धे शब्द कळत नाहीत. पण जेवढं कळलं तेवढं लिहिते, तू हस हवं तर.

जोरात पळणं आणि जड वजन उचलणं ही दोन्ही कामं शरीर एकाच पिशवीतून करतं. तुला पळून दम लागला की वाटतं, दम परत आला म्हणजे झालं. तसं नसतं. दम पाच मिनिटांत येतो. आतली पिशवी भरायला दोन दिवस लागतात. म्हणून पायांचं जड वजन केल्यावर दुसऱ्या दिवशी वेगाने पळू नये. एक तर मधे दिवस सोडावा, नाही तर ज्या दिवशी पळायचं त्याच दिवशी, पळून झाल्यावर वजन उचलावं आणि मग पुढचा अख्खा दिवस शरीराला द्यावा. जड दिवस जड, हलका दिवस हलका. दोन्ही मधोमध आणून रोज थोडं थोडं केलं की ताकद वाढत नाही, वेग वाढत नाही, थकवा तेवढा वाढतो.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून घरी आले आणि त्या दिवशी मासळी विकायला गेले नाही.

वजन वाईट नसतं, प्राप्ती. ते कुठल्या दिवशी येतं त्यावर आहे. मॅडम जे सांगतात ते कर. पप्पांचा प्लॅन नको तर नको, मॅडमचा कर.

पप्पांची डायरी माझ्याकडे आहे. ट्रंकेत. मागितलीस तर देईन. आत्ता नाही, पण देईन.

करंजी मऊ पडली असेल तर तव्यावर जरा शेकून घे.

आई


कोलशेत, ७ नोव्हेंबर

काल दुपारी भाविकाचा फोन आला. ती तुझा डबा द्यायला मैदानावर गेली होती आणि तिनं सगळं ऐकलं.

तू शेवटच्या धावेत मांडी धरून थांबलीस. मॅडमनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "ओढलीय. नशीब, फाटली नाही. प्राप्ती, वजन करणार नसशील तर मी निवडीला तुझं नाव देणार नाही. मला तुझा पाय हवाय, तुझी जिद्द नकोय." आणि तू सगळ्या मुलींसमोर म्हणालीस, "मॅडम, माझ्या पप्पांनी वजन देऊन देऊनच माझा पाय घालवला. त्यांना काही कळत नव्हतं."

भाविका फोनवर रडत होती. मला रडू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी ट्रंक उघडली.

आता मी लिहिते ते नीट वाच. घाईत वाचू नकोस.

तो प्लॅन पप्पांचा नव्हता. तो माझा होता.

तुझे पप्पा वार मानत नव्हते. आज मंगळवार की बुधवार हे त्यांना मला विचारावं लागायचं. तिथी मात्र झोपेतून उठवलं तरी सांगायचे. खाडीवर जाणाऱ्याचं सगळं तिथीवर चालतं. अमावस्या-पुनवेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळी लावायची. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरगळलेलं असतं, तेव्हा घरी. तुझा व्यायामही त्यांनी तसाच बसवला होता, हे तुला कधी कोणी सांगितलं नाही. उधाणाच्या दिवसांत ते खाडीवर असायचे, म्हणून तू घरी डबे उचलायचीस आणि मी मोजायचे. भांगाच्या दिवसांत ते मोकळे, म्हणून तुला मैदानावर न्यायचे आणि पळवायचे. आणि दोन्हींच्या मधे जे दोन-तीन दिवस ते जाळी धुऊन सुकवायचे, त्या दिवसांत तुलाही काही करू द्यायचे नाहीत. तुला वाटायचं पप्पा दमलेत म्हणून सुट्टी देतात. "आज डबे", "आज मैदान", "आज काही नाही", एवढंच ते म्हणायचे आणि तू ऐकायचीस.

डायरीत तसंच आहे. पंधरा दिवसांत तीन वेळा डबे, तीन वेळा मैदान. मधल्या प्रत्येक दिवसापुढे त्यांनी मुद्दाम लिहिलंय, "काही नाही". रेघ मारली नाही, कोरं सोडलं नाही. "काही नाही" असं अक्षर काढून लिहिलंय, नऊ-नऊ वेळा.

एकदा मी त्यांना म्हटलं होतं, पोरगी रिकामी बसते, तिला रोज पळव की. ते म्हणाले, "रोज ओढलं तर दोर वाढत नाही, झिजतो. जाळं पाण्यात असतं तेवढाच वेळ काम करतं असं नाही. सुकतं तेव्हाही करतं." मी म्हटलं, आळशी माणसाला बोलायला बरं सुचतं.

गौरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. खाडीवरून आले, हात धुतले, ओट्यावर टेकले आणि तसेच राहिले. पुढचं तुला माहीत आहे.

तेराव्यानंतर घरात कोणी नव्हतं. तू कॉलेजला जायचीस. मी एक दिवस डायरी काढून बसले. तुझ्या कॉलेजचं मैदान मंगळवार, गुरुवार, शनिवार मिळायचं. तिथीप्रमाणे ते जमणार नव्हतं, म्हणून मी वारांप्रमाणे करायला घेतलं. पळण्याचे तीन दिवस ठरलेलेच होते. डब्यांचे तीन दिवस मी मधे बसवले, सोमवार, बुधवार, शुक्रवार. पंधरा दिवसांचं काम सात दिवसांत. "काही नाही" ही काही करायची गोष्ट नव्हे, असं समजून मी ते गाळलं. रविवार उरला तर तिथं येऊरचा चढ लिहिला.

अडाणीपणा झाला असं म्हणून मला सुटता येईल. पण ते पूर्ण खरं नाही, आणि आता अर्धं सांगून उपयोग नाही.

मला रिकामा दिवस सहन होत नव्हता, प्राप्ती. तू अंगणात डबे उचलत असलीस की मला मोजायचं काम असायचं. तू पळायला गेलीस की तुझी वाट बघायचं, तुझ्यासाठी अंडी उकडायचं काम असायचं. ज्या दिवशी तू नुसती घरी बसायचीस, त्या दिवशी आपण दोघी त्या ओट्याकडे बघत बसायचो. म्हणून मी तो दिवस भरून टाकला. तुझ्या पायांनी भरला.

तू विचारलंस, "पप्पा मधे सुट्टी द्यायचे ना गं?" मी म्हटलं, "ते शाळेत होतीस तोवर. कॉलेजसाठी त्यांनी हे वेगळं लिहून ठेवलंय. डायरीतूनच उतरवलंय मी." तू डायरी बघायला मागितलीस आणि मी म्हटलं, वर्ष होईपर्यंत त्यांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. असली कुठली रीत नाही. मी ती त्या क्षणी बनवली.

डिसेंबरात तू दोनदा म्हणालीस, "आई, पाय शिशासारखे झालेत, आज नको." मी काय म्हटलं ते आठवतं? "पप्पांनी आजच्याला डबे लिहिलेत." त्यांचं नाव घेतलं की तू गप उठायचीस.

आणि जानेवारीत कॉलेजच्या स्पर्धेत, वळणावर, तू पडलीस. आदल्या दिवशी तुझ्याकडून मी चाळीस बैठका मोजून घेतल्या होत्या.

डॉक्टरकडून आलो. तू पाय उशीवर ठेवून म्हणालीस, "मासे पकडणाऱ्याला पळण्यातलं काय कळतं? पप्पांनीच माझा पाय खाल्ला." आणि मी तुला मारलं. तुला वाटलं, मेलेल्या नवऱ्याचा अपमान सहन झाला नाही आईला. सगळ्यांना तेच वाटलं. भाविकालाही.

खरं हे की माझ्या चुकीला तू त्यांचं नाव दिलंस, आणि तोंड उघडून ते काढून घ्यायची माझ्यात ताकद नव्हती.

तू वजनाला घाबरतेस, ते खरं तर माझ्या प्लॅनला घाबरतेस. पप्पांनी पाच वर्षं तुला डबे उचलायला लावले आणि एकदा तरी तुझा पाय दुखला का? आठवून बघ.

डायरी पोस्टाने पाठवायची हिंमत होत नाही. भाविका बुधवारी मासळी न्यायला येते, तिच्या हातात देते. पानांना हळदीचे डाग आहेत, ते माझ्या बोटांचे. बाकी सगळं त्यांचं आहे.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वजन कर.

आई


कोलशेत, २२ नोव्हेंबर

दहा दिवस झाले डायरी जाऊन. मी विचारलं नाही, भाविकानं आपणहून सांगितलं.

म्हणे तू तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून आत नेलंस आणि काका दोन दिवस घरभर वार विचारत फिरतायत. चतुर्थी कधी ते त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं. म्हणे जेवताना मधेच थांबून तू मावशीला विचारलंस, "अष्टमीला भांग सुरू होतो की संपतो?" आणि मावशी म्हणाली, "माझं लग्न रेल्वेतल्या माणसाशी झालंय, मला टाइमटेबल विचार."

नवमीच्या अलीकडेपलीकडे पाणी सगळ्यात मंद. तुला हवं असेल म्हणून लिहिलं.

आणखी काही लिहिणार नव्हते. पण एक आठवलं. त्यांच्या डायरीत मार्चमध्ये एका पानावर "३० मी. ६ वेळा. पाचव्याला थांबवली." असं आहे. त्या दिवशी तू घरी येऊन चिडचिड केली होतीस की पप्पांनी सहावी धाव पळू दिली नाही. मी विचारलं, का नाही दिली? म्हणाले, "पाचवीला पाऊल जमिनीवर जास्त वेळ थांबायला लागलं. आवाजावरून कळतं." ते डोळे मिटून ऐकत बसायचे, ते झोपत नव्हते गं. तू आणि मी दोघी त्यांना हसायचो.

वाकट्या सुकवल्यात. पाठवते. तळू नकोस, भाज.

आई


कोलशेत, २ डिसेंबर

परवा रविवारी तू आलीस आणि गेलीस. तू समोर होतीस त्याबद्दल तुलाच काय लिहायचं, असं काल वाटत होतं. पण तू जाताना जे विचारलंस त्याचं उत्तर मला तोंडाने देता आलं नाही, म्हणून लिहिते. आणि मला तो दिवस कागदावर हवाय.

मी खाली मान घालून बोंबील साफ करत होते. दारात सावली आली, मला वाटलं गिऱ्हाईक. म्हटलं, "अजून मांडलं नाही, थांबा जरा." तू म्हणालीस, "थांबते. पाणी दे."

बारीक झालीस म्हणावं तर नाहीस. खांदे भरलेत. तुला बघून मला आधी ते दिसलं आणि मी विचारलंच नाही. तूच म्हणालीस, "तीन आठवडे झाले सुरू करून. मॅडमनी नुसत्या दांड्यापासून सुरुवात करायला लावली. बाकीच्या पोरी हसल्या."

"हसू देत."

"सोमवारी आणि गुरुवारी पळायचं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी वजन. मंगळवार, शुक्रवार काही नाही. बुधवारी, शनिवारी हलकं. रविवारी पण काही नाही. मी मॅडमना डायरी दाखवली."

मी बोंबील खाली ठेवला. "काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पंधरवड्याचं मला जमणार नाही, इथं सगळं वारांवर चालतं. पण रिकामा दिवस लिहून ठेवायचा असतो, हे मुलींना पटवायला माझी दोन-दोन वर्षं जातात, आणि ह्या माणसानं ते आपल्या मनानं केलंय." मग तू नाक ओढलंस आणि म्हणालीस, "आई, एका पानावर 'बाई रागावली' असं लिहिलंय. ती बाई कोण, तू की मी?"

"तारीख सांग, भांडण सांगते."

"नऊ मे."

"मग तू. चप्पल फेकली होतीस."

"मी? तू फेकली होतीस!"

आपण दोघी हसलो. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही. हसता हसता तू एकदम थांबलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, "मला मारलंस तेव्हा तुला माहीत होतं, चूक पप्पांची नाही ते?"

मी म्हटलं, "हो."

तू उठून हात धुतलेस, पान वाढून घेतलंस आणि जेवलीस. ओट्यावर बसून जेवलीस, गच्चीवर गेली नाहीस. दुसऱ्यांदा भात घेतलास. मग म्हणालीस, "मला राग आहे. पाय दुखला त्याचा कमी आहे. वर्षभर मी पप्पांना मनात शिव्या दिल्या, त्याचा जास्त आहे. तो कधी जाईल मला माहीत नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "बसायला जागा आहे त्याला."

"आणि घरी कधी येणार ते विचारू नकोस."

"नाही विचारत."

"आणि एकवीस तारखेला आलीस तर ओरडू नकोस. मागच्या वेळी तू एवढी ओरडलीस की पंच तुझ्याकडे बघत होता."

म्हणजे मी यायचं आहे, असा अर्थ मी घेतला. चुकला असेल तर कळव.

मग तू चपला घातल्यास आणि ते बोललीस. "येताना दगडाआजी भेटली. म्हणाली, 'बापानी पाय घालवला तरी परत पलतेस काय गो?' मी काय सांगू तिला, आई? तू मला सांगितलंस. बाकी सगळ्यांच्या तोंडी अजून पप्पाच आहेत."

तू दोन मिनिटं वाट बघितलीस. मग "येते" म्हणून गेलीस. "जाते" नाही म्हणालीस, ते मी ऐकलं.

माझं उत्तर हे. मला लाज वाटत होती. तुला लिहिताना लाज वाटली तशी नाही, वेगळी. तू माझी आहेस, तू रागावलीस तरी माझीच राहशील. पण इथल्या बायकांमध्ये मला रोज बसायचं आहे. विधवा बाईला गल्लीत एवढंच असतं, की ती नवऱ्याच्या माघारी नीट वागली असं लोक म्हणतात. मी ते धरून ठेवलं होतं आणि त्यासाठी तुझ्या पप्पांना बोल लागू दिले. त्यांच्या फोटोला रोज हार घालत होते आणि दारात त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं ऐकून घेत होते. तू गेल्यावर बोंबील मांजरीनं नेले, ते मला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी दगडाबाईच्या ओट्यावर गेले. चौघीजणी जवळा निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की प्राप्तीचा पाय महिपतमुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला, आणि कसा गेला ते सगळं सांगितलं. मग तिथून देवळापर्यंत जेवढी घरं आहेत, त्या प्रत्येक घराच्या दारात उभी राहून तेच सांगितलं.

आई